मोटारीची सहल आणि ठिकाणांची मोजणी

दिवाळीची किंवा नाताळाची सुटी जवळ येऊं लागली, कीं सुशिक्षित घरांतून एका नव्या प्रकारच्या वाङ्मयाची निर्मिति सुरू होते. त्यास 'आराखडा' असें नांव आहे. घरांतील एखादा उत्साही तरुण मोबाइलवर नकाशा उघडून बसतो, आप्तेष्टांकडून याद्या मागवितो, किंवा आतां सोय झालीच आहे म्हणून यंत्रालाच प्रश्न टाकतो. आणि अर्ध्या घटकेंत आठ दिवसांचा तक्ता तयार होतो. डोंगर, समुद्र आणि शहरें या तिहींचा एकाच फेरींत समाचार घ्यावयाचा, हा त्या तक्त्याचा हेतु असतो. या हेतूशीं आमचें भांडण नाहीं. ज्या देशांत सह्याद्रीच्या माथ्यावर न्याहारी करून निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणास खाडीच्या कांठीं पोंचूं शकतो, त्या देशांत असा बेत सुचणें स्वाभाविकच आहे. आमचें भांडण आहे तें तक्ता तयार करण्याच्या रीतीशीं. आणि तें येथें थोडें सविस्तर मांडण्याचा आमचा विचार आहे.

नमुन्यादाखल असा एक तक्ता पाहा. तो कोणा एका कुटुंबाचा नव्हे. थोड्याफार फरकानें तो सर्वांचाच आहे. पहिल्या दिवशीं पुण्याहून निघून वाई, पांचगणी आणि महाबळेश्वर. दुसऱ्या दिवशीं प्रतापगड, रायगड आणि मुक्कामास हरिहरेश्वर. तिसऱ्या दिवशीं दापोली, मुरूड, हर्णै. चौथ्या दिवशीं गुहागर, वेळणेश्वर, गणपतीपुळें. पांचव्या दिवशीं रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण. सहाव्या दिवशीं सिंधुदुर्ग किल्ला, आणि सायंकाळपर्यंत गोवा. सातव्या दिवशीं 'गोवा संपूर्ण'. आठव्या दिवशीं आंबोलीमार्गें कोल्हापूर, अंबाबाईचें दर्शन, आणि रात्रीं घर. एकोणीस नांवें, आठ दिवस, आणि बाराशें किलोमीटरांहून अधिक वाट. पैकीं शेवटच्या एका दिवसांतच चारशें किलोमीटरांहून अधिक! हा कार्यक्रम एखाद्या टपालाच्या थैलीसाठीं आंखला असता, तर त्यांत नांव ठेवण्यासारखें कांहीं नव्हतें. परंतु थैलीस डोळे नसतात, आणि ती परत आल्यावर 'काय पाहिलेंस?' असें तिला कोणी विचारीत नाहीं.

या तक्त्याकडे थोडें लक्षपूर्वक पाहिलें म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. त्यांत गांवांचीं नांवें आहेत, आणि दोन नांवांच्या मध्यें एक आडवी रेघ आहे. तक्ता करणाराच्या लेखीं नांव म्हणजे पाहण्याची वस्तु, आणि रेघ म्हणजे सोसावयाची गैरसोय. ती जितकी लवकर उरकेल तितकें बरें. आमचें म्हणणें याच्या नेमकें उलट आहे. मोटारीच्या प्रवासांत जें पाहावयाचें असतें त्याचा फार मोठा भाग त्या रेघेंतच असतो. नुसतें ठिकाणच पाहावयाचें असेल, तर त्याचें उत्तम चित्र आतां घरबसल्या दिसतें. जें चित्रांत दिसत नाहीं तें एका ठिकाणापासून दुसऱ्या ठिकाणापर्यंत होत जाणारें स्थित्यंतर होय. तें पाहण्यासाठींच स्वतःची वा भाड्याची गाडी घेऊन, हवें तेथें थांबण्याची मुभा राखून, निघावयाचें असतें.

'वाई-पांचगणी-महाबळेश्वर' ही पहिलीच ओळ घ्या. वाईपासून महाबळेश्वरापर्यंत जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटरांचें अंतर. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून १,३७२ मीटर उंच असून तेथें वर्षाला पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. वाईस तोच आंकडा हजाराच्या आंत येतो. देशावरच्या कोरडवाहू शेताचें कारण भूगोलाच्या पुस्तकांत 'पर्जन्यच्छाया' या एका अवघड शब्दांत कोंबलेलें असतें. पसरणीच्या घाटांत तीन वेळां गाडी थांबवून खालच्या शेतांकडे आणि वरच्या झाडीकडे बोट दाखविलें, तर तें दहा वर्षांच्या मुलासही शब्दावांचून कळतें. परंतु तक्त्याप्रमाणें तीन वाजतां एक 'पॉइंट' आणि साडेतीन वाजतां दुसरा 'पॉइंट' गांठावयाचा असतो. म्हणून घाटांत कोणी थांबत नाहीं.

पुढली रेघ महाबळेश्वराहून पोलादपुराकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटाची. चाळीस किलोमीटरांच्या आंत गाडी सह्याद्रीच्या माथ्यावरून जवळ जवळ समुद्राच्या पातळीस येते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचे थर एकावर एक रचलेले या उतारावर उघडे पडलेले दिसतात. हवा दमट होते, कौलांचा उतार वाढतो, भाताचीं खाचरें दिसूं लागतात, काळा कातळ मागें पडून पुढें तांबडा जांभा येतो, आणि रस्त्याकांठीं चहा देणाऱ्या माणसाच्या बोलण्यांतला हेल बदलतो. यांतील प्रत्येक फरकाचें दुसऱ्याशीं नातें आहे: पाऊस तसें छप्पर, दगड तशी भिंत, पाणी तसें पीक. आमच्या मतें उभ्या महाराष्ट्रांत याहून चांगली शाळा नाहीं. आणि त्या शाळेंतून आमचीं मुलें कशी जातात? वळणांनीं पोटांत ढवळूं नये म्हणून गोळी घेऊन, मागच्या बैठकीवर झोंपून!

या वाटेंत इतिहासही आहे, पण तो पाट्यांवर लिहिलेला नाहीं. वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांचा वाडा आहे, आणि तो पुष्कळ लोक पाहतात. नानांच्या भानू घराण्याचें मूळ गांव वेळास हें सावित्रीच्या मुखाशीं, बाणकोटच्या शेजारीं आहे. तेथेंही हल्लीं कासवांचीं पिलें समुद्राकडे जातांना पाहावयास पुष्कळ लोक जातात. खाडीच्या पलीकडे थोड्या अंतरावर श्रीवर्धन, म्हणजे पेशव्यांच्या भट घराण्याचें गांव. कोंकणांतील घराणीं घाट चढून देशावर आलीं, आणि त्यांतून पुढें मोठें राजकारण उभें राहिलें, ही गोष्ट आम्हीं सर्वांनीं शाळेंत पाठ केली आहे. परंतु मेणवलीहून निघून, घाट उतरून, सावित्रीच्या कडेकडेनें वेळासपर्यंत जो जाईल त्यालाच ही चढण केवढी होती आणि ती चढून जाण्यास किती कारण असावें लागलें असेल, हें समजेल. ज्याच्या तक्त्यांत मेणवली पहिल्या दिवसाच्या रकान्यांत आणि वेळास तिसऱ्या दिवसाच्या रकान्यांत आहे, त्याला दोन 'स्थळें' दिसलीं. त्यांना जोडणारा धागा त्याच्या हातून निसटला.

याच रेघेवर महाड आहे. १९२७ सालच्या २० मार्च रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं येथील चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें, आणि माणसास माणसाप्रमाणें वागविण्याचा प्रश्न उभ्या देशापुढें ठेवला. तळें गांवांतच आहे. मुंबई-गोवा महामार्गापासून तेथें जाण्यास फारसा वेळ लागत नाहीं. तरीही आमच्या वर्गाच्या तक्त्यांतून रायगड असतो आणि चवदार तळें नसतें. हें केवळ विसरण्यानें होतें, कीं विसरणें आम्हांस सोयीचें वाटतें, याचा विचार प्रत्येकानें आपल्याशीं करावा. गणपतीपुळ्याचेंही तसेंच. तेथें देवदर्शन घेऊन वाळूंत खेळणारांपैकीं किती जण शेजारींच असलेल्या मालगुंडास, केशवसुतांच्या जन्मगांवीं जातात? जे आम्ही मुलांना मराठी वाचतां येत नाहीं म्हणून सभांतून हळहळतों, त्या आम्हांस आधुनिक मराठी कवितेच्या उगमाशीं अर्धा तास थांबण्यास फुरसत मिळूं नये, हें चमत्कारिकच म्हटलें पाहिजे.

या तक्त्यांत सर्वांत वाईट वागणूक मिळते ती शहरांस. डोंगराकडे निदान कौतुकानें पाहिलें जातें. शहर म्हणजे जेवण, पेट्रोल आणि मुक्काम. चिपळूण हें तर आमच्या प्रवाशांना केवळ एक चौरस्ता म्हणून ठाऊक. त्या शहरांत १८६४ सालीं स्थापन झालेलें लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरांत चिपळूण बुडालें, त्या वेळीं या ग्रंथसंग्रहासही पाण्याचा तडाखा बसला; आणि तरीही तेथील लोकांनीं आपलें वाचनालय पुन्हां उभें केलें. कोल्हापुरांतून देवीचें दर्शन घेऊन आणि तिखट रस्सा खाऊन तासाभरांत निघणाराला शाहू महाराजांचें कोल्हापूर दिसेल काय? १९०२ सालीं राखीव जागांचा हुकूम ज्या राजानें काढला, निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं ज्यानें वसतिगृहें उघडलीं, कुस्तीसाठीं ज्यानें खासबागेचें मैदान बांधलें, त्याचें शहर पायीं हिंडून पाहावयाचें असतें. त्या मैदानालगतचें केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टांत आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें, तेव्हां कोल्हापूरकरांच्या डोळ्यांस पाणी कां आलें, हें मंदिराबाहेरच्या वाहनतळावर उभें राहून कळावयाचें नाहीं.

आतांपर्यंत आम्हीं प्रवाशाच्या स्वतःच्या नुकसानीबद्दल बोललों. तें त्याचें त्यानें पाहावें, असें कोणी म्हणेल. परंतु या तक्त्याची किंमत दुसऱ्यासही द्यावी लागते. भाड्याच्या गाडीबरोबर एक मनुष्य येतो. त्याचें नांव तक्त्यांत नसतें. सकाळीं सहाला गाडी दाराशीं उभी करावयाची, दिवसभर घाट व खाड्या ओलांडावयाच्या, रात्रीं दहाला सामान उतरवून द्यावयाचें, आणि मग स्वतः गाडींतच पाय दुमडून निजावयाचें, अशी त्याची दिनचर्या असते. मोटार-वाहतूक कामगारांसाठीं १९६१ सालीं जो कायदा झाला त्यांत दिवसाला आठ तास काम ही सर्वसाधारण मर्यादा घातली होती. कायद्याची कक्षा कोणती, हा वाद वकिलांवर सोंपवूं. परंतु आठ तासांनंतर मनुष्य थकतो, हें समजावयास कायदा कशाला हवा? आम्ही स्वतः सहा तास व्याख्यानें दिलीं तर दुसऱ्या दिवशीं घसा बसल्याची सबब सांगतों. मग चौदा तास चाक धरून बसलेल्या माणसानें रात्रीं नऊ वाजतां घाटाचें वळण अचूक घ्यावें, अशी अपेक्षा आम्ही कोणत्या तोंडानें करतों? आणि गाडी स्वतःची असून घरचाच मनुष्य ती हांकीत असला, तर तो तर सहलीस आलेलाच नसतो; आठ दिवस त्याला रस्त्याच्या पांढऱ्या पट्ट्यांखेरीज कांहीं दिसत नाहीं.

घाट हे थट्टेवारी नेण्याचें ठिकाण नव्हे. २८ जुलै २०१८ रोजीं याच आंबेनळी घाटांत सहलीस निघालेली एक बस दरींत कोसळून तीस माणसें प्राणास मुकलीं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळचा सावित्रीवरील जुना पूल पुरांत वाहून गेला, आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्याही गेल्या. २०२१ च्या जुलैंत दरडी कोसळून महाड-पोलादपूरच्या मुलखांत गांवेंच्या गांवें गाडलीं गेलीं. या दुर्घटना तक्त्यांमुळें घडल्या, असें आम्ही म्हणत नाहीं. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, ज्या डोंगरांत पाऊस आणि दरड यांची अशी सत्ता आहे, तेथें तासांना तास चिकटवून केलेला बेत हा बेतच नव्हे. वाट बंद निघाली तर थांबावयास एक दिवस नाहीं, उशीर झाला तर मुक्काम बदलण्याची सोय नाहीं. मग पुढच्या गांवीं खोलीचे पैसे भरले आहेत एवढ्यासाठीं अंधारांत आणि पावसांत गाडी पुढें दामटली जाते.

या सर्वांवर प्रतिपक्षाकडे तीन-चार ठरलेलीं उत्तरें असतात. पहिलें असें कीं, रजा थोडी असते; 'पुन्हां येणें होईल न होईल' म्हणून एकदांच सारें पाहून घ्यावें. रजा थोडी आहे हें आम्हांस मान्य आहे. परंतु थोड्या पैशांत मनुष्य एक चांगलें पुस्तक घेतो, एकोणीस पुस्तकांचीं वेष्टणें विकत घेत नाहीं. शिवाय पुण्या-मुंबईच्या माणसानें कोंकणांत पुन्हां येणें होणार नाहीं असें म्हणावें, यांत कितपत अर्थ आहे? तें कांहीं आइसलंड नव्हे. दुसरें उत्तर मुलांना कंटाळा येतो, हें होय. मुलांना कंटाळा येतो तो गाडींत बसण्याचा. दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत अर्धा तास काढलेलें, आणि मग आपली मोटारच होडींत चढून धोपाव्यास निघालेली पाहिलेलें मूल कंटाळल्याचें आम्हीं तरी पाहिलें नाहीं. तिसरें उत्तर असें कीं, मुक्काम आधीं ठरविले नाहींत तर सुटींत जागा मिळत नाहीं. हें अगदीं खरें. आणि म्हणूनच मुक्काम थोडे असावेत. चार मुक्काम ठरविणें सात ठरविण्यापेक्षां सोपें व स्वस्तही पडतें.

चौथें उत्तर कोणी उघडपणें देत नाहीं, पण तेंच खरें असावें, असा आमचा संशय आहे. परत आल्यावर शेजारीं, कचेरींत आणि मोबाइलवरील कुटुंबाच्या गटांत हिशेब द्यावा लागतो. आणि त्या हिशेबांत 'महाडास एक दुपार तळ्याकांठीं बसलों' यापेक्षां 'एकोणीस ठिकाणें केलीं' हें वजनदार दिसतें. 'केलीं' हें क्रियापद लक्ष्यांत घेण्यासारखें आहे. पूर्वीं लोक काशी करीत, कारण तेथें करावयाचे विधि असत. आतां गोवा करतात, कोंकण करतात, महाबळेश्वर करतात. आणि तेथें नेमकें काय केलें म्हणून विचारलें तर छायाचित्र दाखवितात.

नुसती निंदा करून थांबणें आमच्या पेशास शोभणार नाहीं. म्हणून त्याच आठ दिवसांचा एक पर्यायी बेत येथें देतों. आमचा पहिला नियम असा कीं, आरंभ ठिकाणांच्या यादीनें न करतां एखाद्या नैसर्गिक सूत्रानें करावा. जुन्या महाबळेश्वरास कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री या पांच नद्यांचे उगम मानले जातात. पैकीं चार पूर्वेकडे जातात, एकटी सावित्री पश्चिमेकडे उडी घेते. कोयना सह्याद्रीच्या कडेनें बरेंच अंतर दक्षिणेस जाऊन हेळवाकापाशीं पूर्वेस वळते, आणि एकाच डोंगरावरून निघालेली आपली बहीण कृष्णा हिला कऱ्हाडास भेटते. बेत असा करावा कीं, सावित्रीबरोबर उतरावें आणि कोयनेच्या वाटेनें परतावें.

महाबळेश्वरास दोन रात्री. जातांना वाईस उतरून कृष्णेचे घाट व मेणवली पाहावी. तिसऱ्या दिवशीं सकाळीं लौकर आंबेनळी घाट उतरावा, महाडास थांबावें, आणि दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर दोन रात्री राहावें. मधल्या दिवशीं वेळास-बाणकोटास सावित्रीचें मुख पाहावें. पांचव्या दिवशीं दाभोळची खाडी फेरीबोटीनें ओलांडून गुहागरमार्गें चिपळुणास एक रात्र. सहाव्या दिवशीं कुंभार्ली घाट चढावा. घाटाच्या पायथ्याशीं पोफळी आहे. निसर्गानें पूर्वेस धाडलेलें कोयनेचें पाणी माणसानें डोंगर पोखरून पश्चिमेस वळविलें आणि त्यावर वीज काढली. वीज काढून सुटलेलें तें पाणी वाशिष्ठींतून चिपळुणाकडे जातें, हें मुलांना तेथें दाखवावें. वर कोयनानगर, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची आठवण तेथें अजून आहे. कऱ्हाडास दोन बहिणींचा संगम पाहून सायंकाळपूर्वीं कोल्हापूर गांठावें, आणि तेथें दोन रात्री राहून एक पुरा दिवस शहरास द्यावा. आठव्या दिवशीं हमरस्त्यानें पुणें. एकंदर वाट साडेसातशें-आठशें किलोमीटरांची होते. घाट, खाडी, शहर यांपैकीं कांहीं सुटत नाहीं.

याबरोबर तीन पथ्यें. एक, घाट सूर्यास्तानंतर चढूं अथवा उतरूं नये, आणि ऐन पावसाळ्यांत हा बेतच करूं नये. दोन, मुक्कामीं काढलेल्या दिवसांपैकीं अर्धा दिवस कांहींही न ठरवितां मोकळा सोडावा. वाट अडली तर तो उपयोगी पडतो, आणि न अडली तर त्याच वेळांत गांवांतला एखादा म्हातारा भेटतो. तीन, ड्रायव्हरचें जेवण आपल्याच वेळेस आणि त्याची निजण्याची जागा छपराखालीं, हें खोली ठरवितांनाच पक्कें करावें; त्याचा खर्च सहलीच्या खर्चांत आरंभापासून धरावा. जी सहल हा खर्च सोसूं शकत नाहीं ती एक दिवसानें लहान करावी.

मालवण, विजयदुर्ग, गोवा हीं यांत नाहींत, अशी तक्रार येईल. नाहींत हें खरें. तीं पुढच्या वर्षीं, दुसऱ्या घाटानें, दुसऱ्या नदीबरोबर पाहावीं. मुलें घरीं असतात तीं अशा दहा-बारा सुट्यांपुरतींच. एवढ्या सुट्यांत दहा-बारा नद्या होतात, आणि तितक्या नद्यांची ओळख असलेला तरुण आपल्या प्रांताविषयीं कांहीं बोलला तर तें ऐकण्यासारखें असतें. आज पदवी घेऊन बाहेर पडणारा आमचा विद्यार्थी पांच किल्ल्यांचीं नांवें सांगतो. पण आपण पितों तें पाणी कोणत्या डोंगरावरून येतें, असें विचारलें तर गप्प बसतो. उद्यां याच डोंगरांतून नवे रस्ते, नव्या खाणी आणि नवीं धरणें काढावयाचीं कीं नाहींत, यावर मत देण्याचा अधिकार त्यालाच येणार आहे. तें मत त्यानें कशाच्या आधारावर द्यावयाचें, याचा निकाल आईबाप सुटीपूर्वीं जो कागद तयार करतात त्यावरच बराचसा लागतो. येत्या सुटीचा कागद अजून कोरा असेल, तर त्यावर पहिलें नांव गांवाचें न घालतां नदीचें घालावें, एवढीच आमची विनंति आहे.